'स्टारशिप ट्रूपर्स'वरून वाचक इतके का भांडतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वाचकाने रॉबर्ट हाइनलाइनची 'स्टारशिप ट्रूपर्स' नुकतीच संपवली. मग इतरांची मतं वाचायला घेतली, तर कुणी तिला लष्करी विज्ञानकथेचा पाया म्हणतंय, कुणी फॅसिझमचा प्रचार म्हणून झिडकारतंय, आणि ज्यांनी फक्त चित्रपट पाहिला आहे त्यांना ती लष्करशाहीची टिंगल वाटते. यातलं खरं काय? फौजेत राहिलेल्या माणसाला ही कादंबरी कशी वाटते? आणि एनडीएच्या परीक्षेला बसणाऱ्या सतरा वर्षांच्या भाच्याला ती वाचायला द्यावी का?

मी पायदळात होतो आणि त्यातली काही वर्षं रंगरूटांच्या प्रशिक्षणात गेली. विज्ञानकथा वाचायची सवय त्याच्याही आधीची. ही कादंबरी मी नोकरीपूर्वी, नोकरीत आणि निवृत्तीनंतर वाचली, आमच्या वाचकगटात तिच्यावर चर्चा घडवून आणली, आणि दर वेळी लोक तावातावाने बोलताना पाहिले. त्या अनुभवावरून उत्तर देतो आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रंगरूटाचा सैनिक कसा होतो, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारी पुस्तकं फार थोडी आहेत. पण तिच्यातल्या राजकीय विचाराला कादंबरीच्या आत कुणीच उत्तर देत नाही. शाळेच्या वर्गात शिक्षक बोलतो, मुलं अडखळत काहीतरी म्हणतात, शिक्षक त्यांना गप्प करतो. त्याच्या तोडीचा विरोधक लेखकाने उभाच केला नाही. ती जागा वाचकाला भरावी लागते, आणि १९५९ पासून वाचक ती भरत आले आहेत. तुम्ही वाचलेली परस्परविरोधी मतं ही त्या रिकाम्या जागेतून आलेली आहेत.

कथा ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भविष्यकाळात सगळ्या पृथ्वीवर एकच संघराज्य आहे. तिथे मतदानाचा आणि सत्तेच्या पदांचा हक्क फक्त त्यांनाच, ज्यांनी स्वखुशीने किमान दोन वर्षं संघराज्याची सेवा पूर्ण केली. हुआन रिको, घरातला जॉनी, एका श्रीमंत उद्योजकाचा मुलगा. मित्र कार्ल भरती होतो आहे, वर्गातली कारमेन भरती होते आहे, म्हणून हाही जातो. वडिलांचा कडाडून विरोध. पायदळात पडतो, प्रशिक्षणात पिळून निघतो, मग कोळ्यासारख्या दिसणाऱ्या परग्रहवासीयांशी युद्ध पेटतं. ब्युनोस आयर्स शहर उद्ध्वस्त होतं, तिथे गेलेली त्याची आई मरते. जॉनी पुढे अधिकारी होतो. शेवटी त्याच्याच तुकडीत त्याचे वडील सार्जंट असतात. एवढंच कथानक. लढाईची पानं थोडी आहेत. पुस्तकाचा मोठा भाग छावणीत आणि वर्गात घडतो, आणि 'युद्धाची गोष्ट' म्हणून हातात घेतलेल्यांची पहिली निराशा इथेच होते.

ती लिहिली कोणी आणि कधी, हे समजलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. हाइनलाइन अमेरिकेच्या नौदल अकादमीतून १९२९ मध्ये बाहेर पडलेला अधिकारी. १९३४ मध्ये क्षयरोगामुळे त्याला नौदल सोडावं लागलं. ज्या पेशावर जीव होता तो ऐन सत्ताविशीत हातून गेला, आणि दुसऱ्या महायुद्धातही तो समुद्रावर जाऊ शकला नाही. 'स्टारशिप ट्रूपर्स'मध्ये सैनिकी जीवनाबद्दल जी ओढ जाणवते तिच्या मुळाशी मला हे दिसतं.

दुसरी गोष्ट काळाची. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक हा सोव्हिएत रशियाचा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला. १९५८ च्या वसंतात अमेरिकेत अणुचाचण्या एकतर्फी थांबवा अशी मागणी करणारी जाहिरात वर्तमानपत्रांत झळकली. हाइनलाइन आणि त्याची पत्नी व्हर्जिनिया यांनी त्याविरुद्ध स्वतःच्या खर्चाने जाहिरात दिली, सह्या गोळा केल्या, आणि त्यांना प्रतिसाद अगदीच थोडा मिळाला. त्या वेळी तो एका वेगळ्याच कादंबरीवर काम करत होता, जी १९६१ मध्ये 'स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड' म्हणून आली आणि पुढे हिप्पी पिढीने डोक्यावर घेतली. ती बाजूला ठेवून त्याने हे पुस्तक लिहिलं. एकाच माणसाने ही दोन पुस्तकं लागोपाठ लिहिली, हे त्याला एका चौकटीत बसवू पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

स्क्रिब्नर्स ही त्याची तोवरची प्रकाशनसंस्था. १९४७ पासून तिने त्याच्या किशोरांसाठीच्या बारा कादंबऱ्या छापल्या होत्या. हे हस्तलिखित तिने नाकारलं. हाइनलाइनने पुन्हा कधी तिला पुस्तक दिलं नाही. १९५९ च्या अखेरीस पुटनम्सने ते छापलं, त्याआधी संक्षिप्त रूपात ते 'द मॅगझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन'मध्ये दोन भागांत आलं होतं. विज्ञानकथेचा मानाचा ह्यूगो पुरस्कार १९६० मध्ये त्याला मिळाला. त्या वर्षी स्पर्धेत गॉर्डन डिक्सनची 'डोर्साय!' आणि कर्ट व्हॉनेगटची 'द सायरन्स ऑफ टायटन' होती, म्हणजे बक्षीस कमजोर वर्षात पडलेलं नाही. त्याच सुमारास विज्ञानकथा लेखकांच्या आपापसातल्या पत्रव्यवहारातही या पुस्तकावर जोरदार खडाजंगी झाली. आजचं भांडण नवं नाही.

आता माझ्या क्षेत्रातलं.

छावणीचा भाग मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा एका प्रसंगाशी थांबतो. हेन्ड्रिक नावाचा रंगरूट. सरावात 'हलू नका' असा हुकूम सुटलेला असताना तो हलतो, कारण तो मुंग्यांच्या वारुळावर पडलेला असतो. सार्जंट झिम त्याला झापतो आणि पोरगा रागाच्या भरात झिमवर हात उचलतो. झिम ते वर कळवतच नाही. कॅप्टन फ्रँकेलसमोर प्रकरण किरकोळ शिक्षेवर मिटत आलेलं असतं, इतक्यात हेन्ड्रिक स्वतःच्याच तोंडाने सांगून बसतो की मी सार्जंटला मारलं. आता ते ऐकलं नाही असं कुणालाच म्हणता येत नाही. कोर्ट मार्शल, दहा फटके, फौजेतून हकालपट्टी, आणि मतदानाचा हक्क कायमचा गेला.

इथपर्यंत वाचून 'किती क्रूर' किंवा 'हीच खरी शिस्त' असं म्हणणारे दोन्ही प्रकारचे वाचक मला भेटले आहेत. पण प्रसंग त्याच्या पुढे आहे. रिको त्या दिवशी कचेरीत कामाला असतो आणि बंद दाराआडचं बोलणं त्याच्या कानावर पडतं. कॅप्टन झिमला फैलावर घेतो आहे: तो पोरगा हात उचलणार हे तुला आधी दिसायला हवं होतं, आणि दिसलं नाही तरी तो हात तुझ्यापर्यंत पोचायला नको होता. चूक तुझी. झिम मान्य करतो, बदली मागतो, कॅप्टन ती नाकारतो. दोघेही मनातून मोडलेले आहेत.

प्रशिक्षण केंद्रात काम केलेला कुणीही हे वाचून गप्प होईल. आपल्याकडे फटके नाहीत. रगडा असतो, पिट्ठू पाठीवर घेऊन मैदानाच्या फेऱ्या असतात, सुट्टी कापली जाते. पण मूळ गोष्ट तीच. रंगरूट उलटून बोलला किंवा पळून गेला, तर चांगला उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, आधी स्वतःला विचारतो की मला हे कधी कळायला हवं होतं. वाईट उस्ताद रंगरूटाच्या नावाने शंख करतो. घरून पत्र आलं नाही, बहिणीचं लग्न मोडलं, बापाचं शेत गहाण पडलं, असं काहीतरी पोराच्या डोक्यात घोळत असतं आणि परेडच्या मैदानावर ते एका क्षणात फुटतं. शिस्तभंगाची अर्धी जबाबदारी शिकवणाऱ्याची असते, हे हाइनलाइनने नुसतं सांगितलं नाही, दाखवलं. पुस्तकाची अर्पणपत्रिका सार्जंट लोकांना आहे, तेही मला मनापासून केलेलं वाटतं.

तसाच रिकोला स्वतःला बसलेल्या पाच फटक्यांचा प्रसंग. अण्वस्त्राच्या लुटुपुटीच्या सरावात तो डोळ्यांनी खात्री न करता फक्त यंत्रावर भरवसा ठेवून डागतो. खरं असतं तर स्वतःचाच माणूस मेला असता. सराव खोटा होता, शिक्षा खरी. नव्या मुलांना हे पटायला फार वेळ लागतो की सरावात केलेला निष्काळजीपणा प्रत्यक्ष लढाईत आपोआप नाहीसा होत नाही.

आणि आकडे. रिकोच्या तळावर २,००९ जण आले, त्यातले १८७ प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडले. सोडून जाणाऱ्याला कुणी अडवत नाही, फक्त मत गेलं. भरतीच्या टेबलामागे तर पाय आणि हात गमावलेला सार्जंट मुद्दाम बसवलेला आहे, म्हणजे आत येणाऱ्याने आधी किंमत पाहावी. कुठल्याही प्रत्यक्ष सैन्याला एवढी गळती परवडणार नाही, हे मी व्यावसायिक म्हणून सांगतो. शंभरातली नव्वद पोरं घालवणारं केंद्र आमच्याकडे चौकशीच्या फेऱ्यात सापडेल. पण लेखकाला इथे सैन्य उभारण्याची व्यवस्था दाखवायची नाहीच, त्याला स्वेच्छेची परीक्षा दाखवायची आहे. त्या काळी अमेरिकेत सक्तीची लष्करभरती होती आणि ती १९७३ पर्यंत चालली. हाइनलाइन सक्तीच्या भरतीचा कट्टर विरोधक. आपल्या देशाच्या सैन्यात जुलमाने आणलेला एकही माणूस नसावा, असा त्याचा आग्रह या आकड्यांमागे आहे.

सैनिकाच्या नजरेला खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. या पायदळात स्वयंपाक्यापासून धर्मगुरूपर्यंत सगळे लढाईत उडी घेतात आणि पुस्तकाला त्याचा अभिमान आहे. खऱ्या सैन्यात एका लढणाऱ्या माणसामागे दारूगोळा, डिझेल, रेशन, औषधं पोचवणारी लांबलचक रांग असते आणि तिच्याशिवाय दोन दिवसही निघत नाहीत. शिवाय शत्रूकडच्या नागरिकांचा विचार या पुस्तकात जवळजवळ नाही. आपल्या गोळीने भलताच माणूस मेला, हा प्रश्न कुणाला रात्री जागवत नाही. मुख्य शत्रू कीटकासारखा, त्याला चेहरा नाही, भाषा नाही, बोलणी करायची सोय नाही. शत्रू असा आखला की सैनिकाच्या मनातला सगळ्यात अवघड प्रश्न लेखकाच्या वाटेतून दूर होतो. या आक्षेपात टीकाकार बरोबर आहेत, असं मी स्पष्टपणे म्हणतो.

लढाऊ चिलखताबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यावर सगळेच लिहितात. माणूस आत शिरतो, त्याच्या हालचाली यंत्र ओळखतं आणि शतपट ताकदीने करतं. आज चित्रपटांत आणि खेळांत दिसणारी अशी बहुतेक चिलखतं या पुस्तकाच्या वंशातली आहेत. 'गंडम' या महाकाय यंत्रमानवांच्या जपानी मालिकेपर्यंत हा वारसा सरळ पोचतो.

आता फॅसिझमचा आरोप. इथे मी सावकाश जाणार आहे, कारण बहुतेक मतं इथेच घाईने दिली जातात.

पुस्तकात काय नाही, ते आधी पाहा. सर्वेसर्वा नेता नाही. एकपक्षीय राजवट दाखवलेली नाही. वंशशुद्धी तर अजिबात नाही. नायक फिलिपिनो आहे आणि ही गोष्ट शेवटाजवळ, फिलिपिन्सचे अध्यक्ष रामोन मॅगसेसे यांच्या नावाच्या जहाजाचा विषय निघतो तेव्हा सहज कळते. १९५९ च्या अमेरिकन वाचकाने दोनशे पानं ज्याच्यासोबत काढली, तो गोरा नाही हे त्याला तेव्हा समजतं. (मॅगसेसे हे नाव मराठी माणसाला पुरस्कारामुळे ओळखीचं आहे. १९५८ मध्ये तो पहिल्यांदा दिला गेला तेव्हा मानकऱ्यांत आपले विनोबा होते.) स्त्रिया अंतराळजहाजं चालवतात. सेवेत असलेल्या सैनिकाला मत नाही, सेवा संपल्यावरच मिळतं. म्हणजे गणवेशातला जनरल मतदान करू शकत नाही. मत नसलेल्यांना बोलण्याचं, धंद्याचं, फिरण्याचं स्वातंत्र्य आहे. रिकोचे वडील मताविना मजेत जगतात, उलट मत मिळवण्याच्या खटाटोपाला तुच्छ लेखतात. याला लष्करी हुकूमशाही म्हणणाऱ्याने ही पानं वगळलेली असतात.

आता काय आहे, ते पाहा. इतिहासातले प्रश्न बळानेच सुटले, हा शिक्षक दुबॉ यांचा सिद्धान्त. जाहीर फटके आणि फाशी. गुन्हेगार मुलांना वळण लावण्यासाठी मारच हवा, हे कुत्र्याच्या पिलाचा दाखला देऊन केलेलं समर्थन. माणूसजात टिकवायची तर सतत पसरत राहायला हवं, हा विचार. आणि या राज्यव्यवस्थेची जन्मकथा: जुनी राष्ट्रं कोसळत असताना स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनमध्ये काही माजी सैनिकांनी दंगल आणि लूट थांबवण्यासाठी टोळी केली, काही जणांना फासावर लटकवलं, आणि आपल्या समितीत बाहेरच्यांना घ्यायचं नाही असं ठरवलं. त्यातून पुढे सगळं उभं राहिलं. लेखक हे लपवत नाही, पण त्यावर एकही पात्र थबकत नाही. मला हे पुस्तकातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं पान वाटतं, आणि टीकाकार बळाच्या सिद्धान्तावर तुटून पडतात तेव्हा या पानाकडे मात्र फारसं कुणी बोट दाखवत नाही.

अधिकारी प्रशिक्षणात मेजर रीड मुलांना विचारतो, माजी सैनिकांनाच मत का? ते जास्त हुशार असतात? नाही. जास्त शिस्तीचे? तेही नाही. मग उत्तर असं येतं की त्यांनी समूहाचं हित स्वतःच्या जिवापेक्षा वर ठेवून दाखवलं आहे, आणि मुख्य म्हणजे ही व्यवस्था चालते आहे. शेवटचं वाक्य ऐकून वर्गातल्या कुणीतरी उठून विचारायला हवं होतं: कोणासाठी चालते आहे? हे तुम्ही कुणाला विचारून ठरवलंत, ज्यांना मत आहे त्यांना? मी म्हणतो ती रिकामी जागा हीच.

सेवा म्हणजे लष्करीच का, यावरही वाचकांचं मोठं भांडण आहे. हाइनलाइनने १९८० मध्ये लिहिलं की वीसातले एकोणीस जण बिगरलष्करी सेवा करून मतदार होतात, आणि पुस्तकात हे स्पष्ट सांगितलेलं आहे. जेम्स गिफर्ड या अभ्यासकाने मूळ पाठ ओळीओळीने तपासून दाखवलं की तसं ते तिथे स्पष्ट नाही. मी गिफर्डच्या बाजूचा आहे. पुस्तकात आपल्याला जी सेवा दिसते ती धोक्याची आणि कष्टाची. संशोधनाला गेलेला कार्लसुद्धा प्लुटोवरच्या तळावर शत्रूच्या हल्ल्यात मरतो. लेखकाने नंतर काय म्हटलं यापेक्षा पानावर काय आहे ते मोठं.

पण एका तपशिलावर हाइनलाइनचं म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटतं. भरतीच्या वेळी डॉक्टर रिकोला सांगतो की सेवेची इच्छा असलेल्या कुणालाही परत पाठवता येत नाही. चाकाच्या खुर्चीतला आंधळा माणूस आला तरी त्याला काहीतरी काम शोधून द्यावंच लागेल, मग सुरवंटाचे केस स्पर्शाने मोजण्याचं का असेना. म्हणजे या व्यवस्थेचा सगळा न्याय एका अटीवर उभा आहे: दार कुणासाठीही बंद होता कामा नये.

महाराष्ट्रातल्या माणसाने इथे आपला इतिहास आठवावा. पेशवाईच्या शेवटापासून ब्रिटिशांच्या मुंबई लष्करात महार सैनिक मोठ्या संख्येने होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार त्याच परंपरेतले. १८९० च्या दशकात 'लढाऊ जाती' ठरवण्याचं धोरण आलं आणि पिढ्यान्‌पिढ्या सेवा केलेल्या या समाजाला भरतीचं दार बंद झालं. स्वतः फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये विनंतीपत्र लिहिलं, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुन्हा अर्ज केला. महार रेजिमेंट उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडावा लागला. नागरिकत्व जर सेवेवर अवलंबून ठेवलं असतं, तर या अर्धशतकात एक संपूर्ण समाज नागरिक राहिलाच नसता, आणि तोही सेवा नाकारल्यामुळे नव्हे, सेवेचं दार दुसऱ्याच्या हातात होतं म्हणून. हे दार कुणाच्या हातात आहे, त्याची किल्ली उद्या कुणाकडे जाईल, हा प्रश्न हाइनलाइनच्या वर्गात कुणी विचारत नाही.

बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीसमोर मताधिकाराबद्दल साक्ष दिली आणि १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे सरसकट प्रौढ मताधिकार मागितला. सैनिकाच्या घरात, लष्करी छावणीत जन्मलेल्या माणसाने मत हे बक्षीस न मानता माणूस असण्याचा भाग मानलं. १९५१-५२ च्या निवडणुकीत कोट्यवधी निरक्षर माणसांनी मतदान केलं, तेव्हा हाइनलाइनची कादंबरी लिहिलीही गेली नव्हती. रीड मेजरच्या वर्गात बसवायला मला विरोधक निवडायचा असेल तर मी बाबासाहेबांची ती साक्ष हातात घेऊन जाईन. आणि तरीही रीडचा एक मुद्दा मी सोडणार नाही: ज्यांच्या हातात सत्ता आहे त्यांनी तिची काही किंमत मोजलेली असावी. आपल्याकडे सत्तेत बसणाऱ्यांकडून ही अपेक्षा करायला काहीच हरकत नाही. मतदाराकडून मात्र आधी वसुली करू नये.

चित्रपटाबद्दल थोडंच. पॉल व्हरहोव्हनचा चित्रपट १९९७ चा. व्हरहोव्हन नेदरलँड्समधला, जर्मन ताब्याच्या काळात त्याचं बालपण गेलं, त्याने पुस्तकाचा सुरुवातीचा भाग वाचून ते सोडून दिलं असं स्वतःच सांगितलं आहे. त्याने जे केलं ते पुस्तकाचं रूपांतर नव्हे, पुस्तकाला दिलेलं उत्तर आहे. प्रचारपटांची भाषा त्याने इतकी हुबेहूब वापरली की प्रदर्शित झाला तेव्हा अनेकांना तो खरोखरच प्रचार वाटला. चिलखत नाही, फिलिपिनो रिको नाही, दुबॉच्या वर्गातला युक्तिवाद जेमतेम. चित्रपट चांगला आहे आणि त्याचं म्हणणं गंभीर आहे. पण तो पाहून पुस्तकाबद्दल मत देणाऱ्याचं मत मी विचारात घेत नाही.

पुस्तकाला खरं उत्तर पुस्तकानेच दिलं, असं मला वाटतं. जो हॉल्डमन पदार्थविज्ञान आणि खगोलशास्त्राचा पदवीधर. १९६७ मध्ये त्याला सक्तीने भरती केलं, व्हिएतनाममध्ये सुरुंग-स्फोटकांचं काम करणारा सैनिक म्हणून गेला, जबर जखमी होऊन परतला. त्याची 'द फॉरएव्हर वॉर' अठरा प्रकाशकांनी नाकारली, १९७४ मध्ये पुस्तकरूपाने आली, आणि नेब्युला व ह्यूगो हे दोन्ही पुरस्कार घेऊन गेली. तिच्यातही चिलखत आहे, तिच्यातही परग्रहावरचा शत्रू आहे. फरक असा की प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाणाऱ्या सैनिकाचे काही महिने जातात तेवढ्यात पृथ्वीवर दशकं, मग शतकं उलटतात. मँडेला हा नायक दर वेळी परत येतो तेव्हा भाषा, पैसा, कुटुंबाची रीत, सगळं अनोळखी झालेलं असतं. युद्ध ११४३ वर्षं चालतं आणि शेवटी कळतं की ते गैरसमजातून सुरू झालं होतं.

लांबच्या चौकीवरून सुट्टीवर आलेल्या जवानाला हे समजवावं लागत नाही. गावात पोचल्यावर मुलगा ओळखत नाही, भावाने वाटणी करून टाकलेली असते, पारावर बसणारे सोबती पुणे-मुंबईला गेलेले असतात. चार दिवस कौतुक होतं, पाचव्या दिवशी आपण पाहुणे आहोत हे त्याला कळतं. रिकोला ही अडचण कधी आलीच नाही, कारण त्याचं घर जळून गेलं आणि बाप त्याच्याच तुकडीत आला. हाइनलाइनने परतीचा प्रश्न कथानकातून काढून टाकला. हॉल्डमनने त्यावरच अख्खी कादंबरी लिहिली. तरीही दोघे एकमेकांचे शत्रू नव्हते. हॉल्डमनला हाइनलाइनचं पुस्तक आवडत असे, आणि हाइनलाइनने त्याच्या कादंबरीची मोकळेपणाने तारीफ केली. त्यांच्या चाहत्यांना हे जमलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

थट्टेच्या वाटेने हेच उत्तर वाचायचं असेल तर हॅरी हॅरिसनची 'बिल, द गॅलॅक्टिक हीरो' (१९६५) आहे. आजच्या पिढीतल्या जॉन स्काल्झीची 'ओल्ड मॅन्स वॉर' (२००५) हाइनलाइनचं ऋण उघड मान्य करते आणि वाचायला हलकी आहे. पण निवड करायची झाली तर मी हॉल्डमनच सांगेन.

वाचकांच्या मतांबद्दल एक निरीक्षण नोंदवतो. आमच्या गटात फौजेतून आलेली माणसं झिमबद्दल बोलतात, शिक्षक दुबॉबद्दल बोलतात, आणि तरुण मुलं चिलखताबद्दल. राजकारणावर चिडणाऱ्यांपैकी पुष्कळांनी हेन्ड्रिकच्या प्रकरणातला बंद दाराआडचा संवाद विसरलेला असतो. आणि पुस्तकावर भाळलेल्यांपैकी पुष्कळांना अॅबर्डीनचं पान आठवत नाही. कुणाशी या कादंबरीवर वाद घालायची वेळ आली तर मी ही दोन पानं आधी समोर ठेवतो. दोन्ही आठवत असतील तर त्या माणसाशी बोलायला मजा येते.

आता भाच्याबद्दल. द्या. अमेरिकेच्या मरीन कोअरने हे पुस्तक आपल्या वाचनयादीत ठेवलं होतं, आणि ते त्यातल्या राज्यशास्त्रासाठी असेल असं मला वाटत नाही. हाताखालच्या माणसाची जबाबदारी म्हणजे काय, हे सतराव्या वर्षी कळलं तर पुढे फार उपयोगी पडतं. एनडीएच्या मुलाखतीत पुस्तकाबद्दल विचारलं आणि त्याने रीड मेजरचं पाठ केलेलं उत्तर दिलं, तर समोरचा अधिकारी पुढचा प्रश्न नक्की विचारेल, आणि तो प्रश्न मताधिकाराबद्दल असेल. म्हणून वर्गातल्या प्रकरणांशी पोचल्यावर त्याला वही घ्यायला सांगा. दुबॉच्या प्रत्येक दाव्यासमोर त्याने स्वतःचं उत्तर लिहावं, पटलेल्या दाव्यासमोरही. मग ती वही मिटून हॉल्डमन वाचायला द्या, आणि चित्रपट दोन्ही पुस्तकं झाल्यावरच दाखवा.